कोबी 6 प्रोट्रो: वाशीच्या लाकडावर आणि नेरूळच्या सिमेंटवर

खेळाडूच्या नावाने निघणारे बास्केटबॉलचे बूट पुष्कळ आहेत. परंतु त्या खेळाडूने आपल्या खेळाविषयी केलेला विचार ज्यांच्या घडणीत सरळ दिसतो, असे बूट फार थोडे. लॉस एंजेलिस लेकर्स या अमेरिकन संघाचा खेळाडू कोबी ब्रायंट याच्या नावाची नायकीची मालिका त्या थोड्यांपैकी एक आहे आणि तिच्यातला सहावा बूट, जो आज ‘कोबी 6 प्रोट्रो’ या नावाने सुधारित रूपात मिळतो, तो मला त्या विचाराचे सर्वांत पूर्ण रूप वाटतो. मागच्या पावसाळ्यात अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने तो माझ्यासाठी आणला. तेव्हापासून मी तो दोन ठिकाणी वापरून पाहिला आहे: वाशीतल्या एका शाळेच्या बंदिस्त लाकडी कोर्टावर आणि नेरूळमध्ये आमच्या सेक्टरच्या उद्यानातल्या सिमेंटच्या कोर्टावर. मी गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू हाताळत रिंगपासून दूर, खेळतो, उंचीने मध्यम आहे, माझा खेळ उडीपेक्षा दिशा बदलण्यावर अवलंबून आहे आणि वय चाळिशीकडे झुकल्यामुळे गुडघ्यांची काळजी घ्यावी लागते. पुढचा अभिप्राय अशा खेळाडूचा आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे. रिंगखाली उभे राहून रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्यासाठी, धक्के घेणाऱ्या उंच आणि वजनदार खेळाडूचे मत वेगळे असू शकेल.

बूट हातात घेतल्यावर प्रथम नजरेत भरते ती त्याची कमी उंची. त्याची वरची कड घोट्याच्या हाडाच्या खालीच संपते. आज असे बुटके बूट घालून खेळणारे व्यावसायिक खेळाडू सर्रास दिसतात, त्यामुळे नव्या पिढीला यात काही विशेष वाटत नाही. पण 2009 च्या आधी चित्र निराळे होते. खेळाडूच्या नावाचा बुटका बूट त्याआधी निघालाच नव्हता असे नाही. 1973 मध्ये वॉल्ट फ्रेझियर या बास्केटबॉलपटूसाठी प्यूमाने काढलेला ‘क्लाइड’ हा सुएडचा बूट घोट्याखालीच संपत होता. पुढच्या दशकांत मात्र बास्केटबॉलचा बूट म्हणजे घोटा झाकणारा, जाड कॉलरचा बूट, हे समीकरण इतके पक्के झाले की आमच्या शाळेच्या दिवसांत प्रशिक्षक बुटाची उंची पाहूनच मुलाला कोर्टावर उतरू द्यायचे की नाही ते ठरवत.

ही समजूत मोडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर कोबीच्या हट्टाला जाते आणि त्या हट्टाचे मूळ त्याच्या बालपणात आहे. त्याचे वडील जो ब्रायंट इटलीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळत असत, त्यामुळे सहाव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत कोबी तिथेच वाढला. तिथे त्याला फुटबॉलची गोडी लागली आणि एसी मिलान हा त्याचा आवडता संघ झाला. फुटबॉलपटू भरधाव धावताना क्षणात दिशा बदलतात, त्यांच्या घोट्यांवर येणारा ताण बास्केटबॉलपटूंपेक्षा कमी नसतो आणि तरीही त्यांचे बूट घोट्याखाली संपतात. मग बास्केटबॉलमध्येच घोटा बांधून का ठेवायचा, असा त्याचा साधा प्रश्न होता. घोटा मोकळा राहिला तर पाऊल जमिनीवर पूर्ण टेकते, वळताना बुटाची कड नडगीवर अडत नाही आणि बुटाचे वजनही घटते, हा त्यामागचा तर्क.

हा तर्क प्रत्यक्षात यायला वेळ लागला. 1996 मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये आल्यावर कोबी प्रथम आदिदासकडे होता. 1997 चा ‘केबी 8’ हा त्याच्या नावाचा पहिला बूट, आणि 2000 मधला ‘द कोबी’ तर ऑडी टीटी या मोटारीच्या आकारावरून घडवलेला होता. तो आजही संग्रहात ठेवण्यासारखा दिसतो, पण त्यात खेळाच्या गरजेपेक्षा मोटारीचाच विचार अधिक झाला, असे माझे मत आहे. 2002 मध्ये त्याने आदिदासशी करार संपवला, एक मोसम वेगवेगळ्या कंपन्यांचे बूट घालून काढला आणि 2003 मध्ये नायकीशी करार केला. नायकीचा ‘झूम कोबी 1’ 2006 मध्ये आला. त्याच वर्षी 22 जानेवारीला टोरोंटो रॅप्टर्सविरुद्ध 81 गुण करताना त्याच्या पायात तोच होता. एवढ्या थोर खेळीचा साक्षीदार असूनही तो बूट घडणीने जुन्याच परंपरेतला, भरभक्कम होता.

खरे वळण चौथ्या बुटाला आले. त्याचे रेखाटन नायकीचे डिझायनर एरिक अव्हार यांचे. पेनी हार्डवे या खेळाडूच्या पायांत गाजलेला 1997 चा फोमपोझिट आणि 2008 चा हायपरडंक हे बूटही त्यांच्याच हातचे. हायपरडंकमध्ये त्यांनी फ्लायवायर नावाचे तंत्र वापरले होते. झुलता पूल जसा मोजक्या ताणलेल्या तारांवर तोलला जातो, तसे बुटाच्या वरच्या भागात ताण जिथे येतो तिथेच मजबूत धागे बसवायचे आणि बाकीचे कापड पातळ ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. पायाला धरून ठेवण्याचे काम धागे करू लागल्यावर जाड चामड्याची गरज उरली नाही, आणि कोबीला हवा असलेला बुटका, हलका बूट तंत्राच्या दृष्टीने शक्य झाला. 2 फेब्रुवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने हाच चौथा बूट घालून 61 गुण केले आणि त्या वर्षी लेकर्सनी ऑर्लँडो मॅजिकला हरवून विजेतेपद मिळवले. पाचव्या बुटात अव्हार यांनी आणखी काटछाट केली. 2010 मध्ये बोस्टन सेल्टिक्सविरुद्ध सात सामन्यांपर्यंत रंगलेली अंतिम लढत कोबीने तो घालून जिंकली. बुटका बूट घातला की घोटा जाणार, असे म्हणणाऱ्यांना लागोपाठच्या या दोन विजेतेपदांनंतर बोलायला फारसे काही उरले नाही.

सहावा बूट 2010 च्या डिसेंबरात आला. नाताळच्या दिवशी मायामी हीटविरुद्धच्या सामन्यात कोबीने त्याचा झगझगीत हिरवा अवतार घातला होता. लेकर्स तो सामना 96 विरुद्ध 80 असा हरले, तरी बूट मात्र तेव्हापासून लोकांच्या मनात घर करून बसला. पण त्याच्या रंगापेक्षा त्याच्या पृष्ठभागाकडे पाहिले पाहिजे, कारण अव्हार यांची खरी कामगिरी तिथे आहे. कोबीने स्वतःला घेतलेले टोपणनाव ब्लॅक माम्बा या विषारी सापाचे, म्हणून या बुटावर सापाचे खवले उमटवले आहेत, एवढेच बहुतेकांना माहीत असते. हाताने चाचपून पाहिले तर त्या खवल्यांचे काम कळते. खाली जाळीदार कापड आहे आणि त्यावर पॉलियुरेथेनचे छोटे छोटे उंचवटे एकमेकांपासून सुटे बसवलेले आहेत. अंगठ्याच्या बाजूने बोट फिरवत टाचेकडे नेले की त्यांचा आकार आणि दाटी बदलत जाते. चवडा जिथे दुमडतो तिथे दोन खवल्यांमधली फट उघडते आणि मिटते. बाहेरच्या बाजूला, जिथे कट मारताना, म्हणजे धावता धावता एकदम दिशा बदलताना, पाऊल बुटाबाहेर ढकलले जाते, तिथे खवले घट्ट पकडून राहतात. अखंड चामडे किंवा अखंड प्लॅस्टिक असते तर ते एकतर दुमडायला विरोध करते किंवा बाजूला ताणले जाते. इथे एकाच पृष्ठभागाने दोन्ही कामे केली आहेत. बुटाची सजावट आणि बुटाचे यंत्र एकच असावे, हे मला कोणत्याही उत्तम वस्तूचे लक्षण वाटते, आणि त्या कसोटीवर हा बूट मालिकेतल्या इतर सर्वांच्या पुढे आहे.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. ‘प्रोट्रो’ म्हणजे जुना आराखडा ठेवून आतली यंत्रणा आजची बसवणे. आपले जुने बूट केवळ आठवण म्हणून पुन्हा निघू नयेत, ते घालून खेळता आले पाहिजे, अशी कोबीची स्वतःची भूमिका होती. या पद्धतीने पहिला बूट 2018 मध्ये निघाला आणि सहाव्याची पाळी 2020 च्या डिसेंबरात आली. या सुधारणेत सर्वांत मोठा फरक चवड्याखाली आहे. तिथे झूम एअरची मोठी पिशवी आहे. झूम एअर हे 1995 पासून चालत आलेले तंत्र: दाबाखाली भरलेल्या हवेच्या चपट्या पिशवीत वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांना जोडणारे असंख्य उभे धागे असतात. पाय दाबला की धागे ढिले पडतात, दाब सुटला की हवा त्यांना पुन्हा ताणते आणि पिशवी क्षणात मूळ आकारात येते. साध्या फोममध्ये पाय रुततो आणि वर यायला किंचित उशीर होतो. इथे तो उशीर जाणवत नाही.

लाकडी कोर्टावर हा गुण लगेच कळतो. समोरच्या बचावपटूला डावीकडे झुकवून उजवीकडे निघायचे असेल, तर डाव्या चवड्यावर भार देऊन ढकलण्याचा जो एक क्षण असतो, त्या क्षणी हा बूट पायाखालून काहीतरी परत देतो. शिवाय पाऊल जमिनीच्या इतके जवळ असते की लाकडाच्या फळ्यांमधला जोडही कधी कधी तळव्याला कळतो. टाचेखाली मात्र मला मुख्यतः फोमच जाणवतो, आणि लेअपनंतर, म्हणजे रिंगजवळ उडी घेऊन चेंडू टाकल्यावर, टाचेवर उतरणाऱ्यांना तो पुरेसा मऊ वाटणार नाही. माझ्या गुडघ्यांना तो चालतो, कारण मी सहसा चवड्यावर उतरतो. दीड तासाच्या खेळानंतर टाचेत हलकी ठणक राहते, हे सांगितले पाहिजे. ज्यांची टाच आधीच दुखरी आहे त्यांनी या बुटाच्या वाटेला जाऊ नये.

पकड हा लाकडावरचा त्याचा सर्वांत मोठा गुण. तळाचे रबर पातळ आणि मऊ आहे, खाचा बारीक आहेत, आणि स्वच्छ लाकडावर बचावासाठी बाजूला सरकताना तो चर्र असा आवाज करून जिथल्या तिथे थांबतो. त्या थांबण्यावर एकदा विश्वास बसला की आपण नकळत अधिक खाली वाकून खेळू लागतो. धूळ मात्र त्याला अजिबात चालत नाही. वाशीच्या त्या सभागृहात आदल्या संध्याकाळी एखादा कार्यक्रम झालेला असेल आणि कोर्ट नीट पुसलेले नसेल, तर बारीक खाचांत धूळ भरते आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर हाताच्या तळव्याने बुटाचा तळ पुसावा लागतो. ओला टॉवेल कडेला ठेवणे हा त्यावरचा उपाय, आणि आमच्यापैकी बरेच जण तो करतात.

मापाविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची फसगत इथे होते. हा बूट अरुंद आहे. त्याची घडण पायाला चिकटून बसण्यासाठीच केलेली आहे. लहानपणापासून चपला आणि सँडल घालून वाढलेल्या आपल्या पायांचा चवडा बहुधा पसरट असतो, त्यामुळे नेहमीचे माप घेतले तर करंगळीच्या मुळाशी खवल्यांची कड रुतते. मी अर्धे माप मोठे घेतले. त्यामुळे अंगठ्यापुढे थोडी जागा राहिली, पण चवडा मोकळा झाला, आणि टाचेमागचा कडक कप इतका नेमका आहे की नाड्या नीट आवळल्यावर टाच आत हलत नाही. ज्यांचा पाय फार रुंद आहे, त्यांच्यासाठी अर्धे मापही पुरणार नाही. अशांनी हट्ट न करता दुसरा बूट पाहावा. खवल्यांचे आवरण सुरुवातीला ताठ असते आणि पहिल्या काही खेळांत पायाच्या वरच्या बाजूला टोचते; जाड मोजे घालून तो काळ निभावून न्यावा. या आवरणातून वाराही फारसा खेळत नाही. मे महिन्यात नेरूळच्या संध्याकाळी, खाडीकडची दमट हवा असताना, मोजे अक्षरशः पिळून काढण्याइतके भिजतात.

उद्यानातल्या कोर्टावर मी शनिवार-रविवारी मुलांना मूलभूत गोष्टी शिकवतो. हा बूट प्रथमच घालून गेलो तेव्हा नववीतल्या एकाने विचारले, “दादा, एवढा बुटका बूट आहे, पाय मुरगळणार नाही का?” त्याच्या आईनेही नंतर तोच प्रश्न केला, आणि तो खरोखर महत्त्वाचा आहे. 1993 मध्ये अमेरिकेत 622 महाविद्यालयीन हौशी बास्केटबॉलपटूंना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागून वेगवेगळे बूट देण्यात आले होते: बुटके, उंच, आणि हवा भरण्याचे कप्पे असलेले उंच. संपूर्ण मोसमात घोट्याच्या एकूण 15 दुखापती झाल्या. त्यांपैकी 7 उंच बूट घालणाऱ्यांना, 4 बुटके घालणाऱ्यांना आणि 4 हवेच्या कप्प्यांचे घालणाऱ्यांना. दुखापतींचा आकडा लहान असल्यामुळे यातून बुटके बूट अधिक सुरक्षित ठरतात असे म्हणता येणार नाही, पण उंच कॉलर घोटा वाचवते या समजुतीला आधार मिळाला नाही, एवढे निश्चित.

2001 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका मोठ्या पाहणीने वेगळीच बाब समोर आणली. दहा हजारांहून अधिक खेळाडू-सहभागांची (एका खेळाडूने एकदा खेळणे म्हणजे एक सहभाग) नोंद घेतल्यावर असे दिसले की ज्यांचा घोटा पूर्वी दुखावला होता त्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती, खेळाआधी स्ट्रेचिंग न करणाऱ्यांची शक्यता 2.6 पट होती, आणि टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांची 4.3 पट. या शेवटच्या आकड्याचा मी बराच विचार केला आहे. पाऊल जमिनीपासून जितके उंच, तितका ते आतल्या बाजूला वळताना पडणारा जोर अधिक, हे तरफेचे साधे गणित आहे. उंच कॉलर आणि जाड टाच असलेल्या बुटापेक्षा जमिनीलगतचा बुटका बूट त्या बाबतीत बरा ठरावा, आणि या बुटाच्या टाचेची बेताची जाडी मला त्यामुळेच दोष वाटत नाही. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल वळण्याआधी आवरून धरतात; ते बळकट करणे हे काम कोणताही बूट आपल्यासाठी करत नाही. त्या मुलाच्या आईला मी एवढेच सांगितले की ताई, त्याला बूट कोणताही घ्या, पण रोज एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम त्याच्याकडून करून घ्या, आणि घोटा आधी दुखावला असेल तर पट्टी बांधल्याशिवाय त्याला खेळायला पाठवू नका.

कोबीच्या स्वतःच्या दुखापतीवरून बुटक्या बुटाला दोष देणारेही पुष्कळ भेटतात. 12 एप्रिल 2013 रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध खेळताना त्याच्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली. त्या अवस्थेत त्याने दोन फ्री थ्रो टाकले आणि मग तो कोर्टाबाहेर गेला. त्या वेळी तो चौतीस वर्षांचा होता आणि संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, नेण्यासाठी सामन्यामागून सामना जवळजवळ पूर्ण वेळ खेळत होता. ही शीर पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडते. घोट्याभोवतीच्या कॉलरने ती तुटण्यापासून वाचत नाही. यानंतर 2014 मध्ये आलेला नववा बूट उंच होता, हे खरे, पण तो मुष्टियोद्ध्यांच्या बुटावरून सुचलेला, विणलेल्या फ्लायनिटचा पातळ मोजासारखा बूट होता. त्याच्या टाचेवरचे लाल टाके कोबीच्या शस्त्रक्रियेची खूण म्हणून घातलेले आहेत. मला तो बूट दिसायला अत्यंत देखणा वाटतो, पण सहाव्यात जी एकसंध स्पष्टता आहे ती त्यात नाही. सातव्यात आतला तळ बदलण्याची सोय होती, आठवा जाळीदार आणि फार हलका होता. दोन्ही चांगले, पण मला पुन्हा पुन्हा घालावासा वाटतो तो सहावाच. डीमार डीरोझनसारखे आणि जेलन ब्रन्सनसारखे खेळाडू आजही कोबीच्या मालिकेचे बूट घालून एनबीएत खेळतात, आणि ब्रन्सन तर प्रामुख्याने सहावाच घालतो. त्याच्या खेळाकडे पाहिले, तर तो उडीपेक्षा पावलांवर चालणारा खेळ आहे हे लगेच कळते.

सिमेंटवरचा अनुभव मात्र खेदाचा आहे. ज्या मऊ रबरामुळे लाकडावर पकड मिळते, तेच रबर सिमेंटवर खडूसारखे झिजते. माझा पिव्होटचा, म्हणजे वळताना जमिनीवर रोवून ठेवण्याचा, पाय डावा. त्याच्या अंगठ्याखालच्या खाचा हिवाळा संपायच्या आत सपाट झाल्या, आणि उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला, जिथे मी बचावात ढकलतो, तिथे रबराची जाडी निम्म्यावर आली. नवी मुंबईतल्या सेक्टरांमधली बहुतेक उघडी कोर्ट याच जातीची आहेत: सिमेंटवर रंगाचा हात, त्यावर दोन पावसाळे गेले की रंग निघून खडबडीत वाळू वर येते. पावसात त्यावर शेवाळ धरते आणि खेळ बंदच ठेवावा लागतो, दसऱ्यानंतर ते वाळून त्याची पूड होते आणि ऑक्टोबरभर बुटाच्या खाचांत जाऊन बसते. उशी म्हणूनही हा बूट सिमेंटसाठी घडलेला नाही. लाकडी कोर्ट स्वतः थोडे दबते आणि तो दाब शोषते, सिमेंट तसे करत नाही, त्यामुळे टाचेखालचा पातळ फोम तिथे उघडा पडतो. मी आता तो उद्यानात घालून जाणे बंद केले आहे. तिथे जाड, कठीण रबराचा आणि रुंद तळाचा साधा बूट वापरतो, जो याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि सिमेंटवर याच्याहून सरस ठरतो.

किमतीविषयी सांगायचे, तर प्रोट्रोची अमेरिकेतली मूळ किंमत 2020 मध्ये 180 डॉलर होती. प्रत्यक्षात त्या किमतीला तो मिळणे अवघड असते, कारण प्रत्येक रंग मोजक्या संख्येने निघतो आणि पहिल्या काही मिनिटांत संपतो. 26 जानेवारी 2020 रोजी हेलिकॉप्टर अपघातात कोबी आणि त्याची मुलगी जियाना यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ही मागणी आणखी वाढली. 2021 च्या एप्रिलमध्ये कोबीच्या वारसांचा नायकीशी असलेला करार संपला तेव्हा तर काही काळ नवे बूट येणेच थांबले. 2022 च्या मार्चमध्ये कोबीची पत्नी व्हेनेसा ब्रायंट यांनी नवा करार केला आणि त्याच वर्षी 1 मे रोजी, जियानाच्या सोळाव्या वाढदिवशी, तिच्या नावाने सहाव्याचाच काळा-पांढरा प्रोट्रो निघाला. त्याच्या विक्रीतून येणारे निव्वळ उत्पन्न मुलामुलींच्या खेळासाठी काम करणाऱ्या माम्बा अँड माम्बासिटा स्पोर्ट्स फाउंडेशनला देण्याचे जाहीर करण्यात आले होते. खेळणाऱ्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून इतका मानाचा बूट निघावा, याचे मला मनापासून समाधान वाटले. आमच्या उद्यानातल्या मुलींना तो फोटोत दाखवला तेव्हा त्यांचे डोळे चमकले होते.

या टंचाईमुळे आपल्याकडे नकली बुटांचा सुळसुळाट झाला आहे. ठाण्यात एका दुकानात मला जो जोड अस्सल म्हणून दाखवण्यात आला, त्याचे खवले कापडावर नुसते छापल्यासारखे चपटे होते, नखाने कड लागतच नव्हती, आणि खोका उघडताच डिंकाचा उग्र वास आला. खरेदी करताना बुटाच्या आतल्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहावे, दोन्ही बूट शेजारी ठेवून खवल्यांची रचना एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी आहे का ते तपासावे, चवडा दुमडून फटी उघडतात का ते बघावे. विकणारा हे करू देत नसेल तर तिथून निघावे. नकली बुटात झूमची पिशवी आहे की नाही याचा भरवसा नसतो, आणि तशा बुटावर कट मारताना पाय आत सरकला तर नुकसान पैशापुरते राहत नाही.

ज्यांनी घेतला आहे किंवा जे घेणार आहेत त्यांनी तो खोक्यात जपून ठेवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पॉलियुरेथेन आणि बुटाचा डिंक दोन्ही दमट हवेत हळूहळू निकामी होतात, आणि खाडीकाठच्या शहरात पावसाळ्याचे चार महिने कपाटातली हवा ओलीच असते. खेळून आल्यावर आतला तळ बाहेर काढावा, नाड्या सैल कराव्यात, बूट पंख्याखाली सावलीत वाळवावा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. तळ ओल्या फडक्याने पुसावा, वॉशिंग मशीनमध्ये मुळीच टाकू नये. तळाचे रबर झिजून आतला फोम दिसू लागला की तो बूट कोर्टावर वापरणे थांबवावे. गटईकडून जाड रबराचा तळ चिकटवून घेतलेले दोन जोड मी पाहिले आहेत, आणि दोन्हींत चवडा दुमडण्याची मूळ जागाच हरवली होती. बंदिस्त लाकडी कोर्ट ज्यांना आठवड्यातून एकदा तरी मिळते आणि ज्यांचा पाय अरुंद किंवा मध्यम आहे, अशा गार्डने हा बूट मूळ किमतीच्या आसपास मिळत असेल तर जरूर घ्यावा. त्याहून दुप्पट-तिप्पट मागणाऱ्याकडून घेण्याऐवजी पुढच्या रंगाची वाट पाहावी.